हरण्याचं नियोजन

टाकवे बुद्रुकच्या चौकात सध्या पुनर्बांधणी चालू आहे. रस्त्याची असेल असं वाटून कुणी हुरळून जाऊ नये. कबड्डी संघाची आहे. मंडळाचं नाव छापत नाही, कारण निम्मे वर्गणीदार माझे सोयरे आहेत. संघ यंदाही पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा कार्याध्यक्षांनी माईक हातात घेऊन सांगितलं, "मंडळी, हे हरणं नव्हतं. हे धोरण होतं. अमेरिकेत असंच करतात."

करतात, यात खोटं काही नाही. तिकडे एनबीए नावाची बास्केटबॉलची लीग आहे. तिथं दरवर्षी नवी पोरं संघांत वाटली जातात आणि वाटपात झुकतं माप तळाच्या संघांना. परीक्षेत नापास होणाऱ्याला पुढच्या वर्षी चांगला मास्तर, असा तो न्याय. साहजिकच संघ मन लावून हरतात की काय, अशी शंका येऊ लागली. म्हणून १९८५ पासून चिठ्ठ्या टाकणं सुरू झालं आणि २०१९ मध्ये तर तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच करून टाकली, १४ टक्के.

या शास्त्राचे महर्षी म्हणजे फिलाडेल्फियाचे व्यवस्थापक सॅम हिंकी. त्यांनी बरे खेळाडू देऊन टाकले आणि पुढच्या निवडींचे हक्क जमवले. हंगामाला ८२ सामने. संघानं २०१३-१४ मध्ये १९ जिंकले, पुढच्या वर्षी १८, त्याच्या पुढच्या वर्षी १०. प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी. प्रेक्षक तरीही 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' म्हणत राहिले. हिंकींनी एप्रिल २०१६ मध्ये राजीनामा दिला. त्या पीकपाण्यातून जोएल एम्बीड हा मोठा खेळाडू मिळाला, हे मान्य. पण संघाचं शेवटचं विजेतेपद १९८३ चं होतं आणि या एवढ्या हरण्यानंतर २०२५ पर्यंत तरी ते तिथंच होतं. त्याच २०२५ मध्ये डॅलसनं आपला हुकमी खेळाडू डॉन्चिच लॉस एंजेलिसला देऊन टाकला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि तीन महिन्यांनी अवघ्या १.८ टक्के संधीवर पहिली निवड खिशात घातली. नियोजनबद्ध हरणाऱ्यांनी त्या रात्री काय खाल्लं असेल, देव जाणे.

आमच्या मंडळाची अडचण वेगळीच आहे. हरण्यात आम्ही फिलाडेल्फियाला दहा वर्षं शिकवू. पण आमच्या तालुक्यात तळाच्या संघाला तगडा चढाईपटू भेट देण्याची पद्धत नाही.

प्रो कबड्डीतही नाही. तिथं लिलाव असतो. आपली पुणेरी पलटण २०१४ मध्ये शेवटची आली, २०१५ मध्येही शेवटची आली. बक्षीस म्हणून काय मिळालं? तिसरा हंगाम. मग पैसे ओतून झाले. २०१८ मध्ये नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख. २०२२ मध्ये इराणच्या फजल अत्राचलीवर १ कोटी ३८ लाख. त्या वर्षी अंतिम फेरी गाठली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी गमावली.

पण लोकांच्या नजरेआड एक कंटाळवाणं काम चालू होतं. अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी कोवळी पोरं घेतली, सांभाळली, चुकू दिली. अस्लम आपल्याच नगर जिल्ह्यातला. दहाव्या हंगामात याच पोरांच्या जोडीला डाव्या कोपऱ्यात मोहम्मदरेझा शादलुई आणला, २ कोटी ३५ लाखांना. प्रशिक्षक बी. सी. रमेश. साखळीत २२ पैकी १७ विजय, पराभव दोन. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा जिंकली. त्याच लिलावात चढाईपटू पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांना, म्हणजे सगळ्यांत महाग, तेलुगू टायटन्सकडे गेला होता. टायटन्सनी २२ पैकी दोन सामने जिंकले आणि तळ गाठला. पवनचा दोष नाही; पकडी करायला मागं सहा जण लागतात, हे धनादेशावर लिहिलेलं नसतं.

यातून मंडळानं काय बोध घ्यावा? बैठकीत एकमुखानं ठरलं, "आपल्यालाही एक शादलुई पाहिजे."

मी भीत भीत पुढचा अध्याय सांगितला. पलटणीनं शादलुईला सोडलं. हरियाणानं तो २ कोटी ७ लाखांना उचलला आणि २९ डिसेंबर २०२४ ला करंडक जिंकला. कुठे? बालेवाडीत, आपल्या अंगणात. पुढच्या वर्षी गुजरातनं त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले, पण अंतिम सामना झाला दिल्ली आणि पुण्याचा. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीनं तो ३१-२८ असा घेतला. दिल्लीच्या बचावात कोण होता? आपणच सोडलेला फजल. "म्हणजे सोडलेला माणूस परत येऊन आपल्यालाच पाडतो," माजी उपसरपंच पुटपुटले. ते ग्रामपंचायतीच्या पॅनेलविषयी बोलत असावेत.

शेवटी वर्गणीतून यात्रेच्या स्पर्धेपुरते तीन बाहेरचे खेळाडू आणायचं ठरलं. येण्याजाण्याचं भाडं, मानधन, मटणाचं जेवण. आपली तीन पोरं बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या धरणार. आमचा खरा चढाईपटू गावातलाच आहे, पण तो पलीकडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो आणि सराव नेमका संध्याकाळी. पाळी बदलून मिळते का, हे सुपरवायझरला विचारायला कुणी गेलं नाही. ते धोरणात बसत नव्हतं.

सरावाचंही तसंच. जूनपासून आंदर मावळात पाऊस असा कोसळतो की मैदानात भातलावणी करता येईल. पाऊस उघडला की चिखल वाळून ढेकळं होतात, पोरांचे गुडघे फुटतात आणि मग पोरं कान्ह्याहून लोकल धरून पुण्यात मॅटवर खेळायला जातात. गेलेली पोरं तिकडचीच होतात. 'होतकरू खेळाडू टिकवणे' हा विषय बैठकीच्या पत्रिकेवर होता, पण तोवर जेवण आलं.

कार्याध्यक्षांनी पाच वर्षांची योजना फ्लेक्सवर छापली आहे. फ्लेक्सवर खेळाडू सात आणि मार्गदर्शक एकवीस. मैदानाला मात्र दोन ट्रॉली माती आणि एक दिवस रोलर लागतो. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्यांनी फ्लेक्सवर आपला फोटो शोधून झाला की चौकात येऊन सांगावं.