गामाची बरोबरी

शिंदखेड्याच्या स्टँडवर दोंडाईच्याच्या एसटीला उशीर झाला, की आधी कापसाचा भाव निघतो, मग पुढारी, आणि पुढारीही संपले की गामा पहिलवान. गामा 1960 साली लाहोरला वारला. त्याला आखाड्यात पाहिलेला माणूस आता तालुक्यात सापडणं कठीण, त्यामुळे वाद घालायला याहून सोयीचा पहिलवान नाही. 'गामाले कोनीच पाडं नही, भो!' असं कोणी म्हटलं की निम्मा बाक मान डोलावतो आणि उरलेला निम्मा पुरावा मागतो. आपल्याच खान्देशातला, चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. पण कोणाला हरवलं, कुठे हरवलं, सगळं लेखी असल्याने त्याच्यावर वाद रंगतच नाही. गामाचा तसा हिशेब नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं. माझं म्हणणं एवढंच, की गामाला डोक्यावर घेण्यात चूक नाही, पण आपण त्याला भलत्याच कारणांसाठी घेतलं आहे. त्याच्या मोठेपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याने न जिंकलेली एक कुस्ती, आणि नेमकी तीच सांगायला त्याचे भक्त लाजतात.

आधी आकडे पाहू. गामा पाच हजार कुस्त्या लढला आणि एकही हरला नाही, असं छातीठोकपणे सांगतात. दहाव्या वर्षापासून, म्हणजे 1888 पासून, 1929 पर्यंतची एक्केचाळीस वर्षं धरली तर वर्षाला सव्वाशेच्या आसपास कुस्त्या होतात. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एक. त्यात पावसाळा आला, दुखापती आल्या, लग्नकार्यं आली. 1910 साली तो बोटीने लंडनला गेला, त्या प्रवासातच डझनभर कुस्त्या बुडाल्या असतील. त्या त्याने पुढे कधी भरून काढल्या? जत्रेतल्या नारळावरच्या कुस्त्या धरल्या तरी हा आकडा जमत नाही. याउलट रोजच्या पाच हजार बैठका ऐकून लोक हसतात, पण दोन सेकंदाला एक धरली तर हे काम पावणेतीन तासांचं आहे. जातिवंत पहिलवानाला ते अशक्य नाही. म्हणजे ज्या आकड्याला आपण हसतो तो एक वेळ पटेल, आणि ज्याला मान डोलावतो तो पटत नाही.

मग बडोद्याचा दगड. गायकवाडांच्या बडोद्यात 1902 साली गामाने 1200 किलोचा दगड उचलला म्हणतात, आणि तो दगड तिथल्या संग्रहालयात आहेही. दगड खरा आहे याबद्दल वाद नाही. वाद 'उचलला' या क्रियापदाबद्दल आहे. 2020 मध्ये आइसलंडच्या एका राक्षसी गड्याने हातात धरायला सोयीची लोखंडी दांडी घेऊन 501 किलो जमिनीवरून वर काढले, तर जगभर गाजावाजा झाला. दगडाला दांडी नसते. यावर ठरलेला आक्षेप असा, की तेव्हाचं तूप वेगळं होतं. तूप वेगळं असेल हो, पण गुडघे तेच होते.

आता खऱ्या कुस्त्या. लंडनमध्ये गामाने अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला दोनदा चितपट केलं, पहिल्यांदा तर दोन मिनिटांच्या आत. मग 10 सप्टेंबर 1910 ला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को समोर आला. गामापेक्षा कितीतरी वजनदार असलेल्या या गड्याने थोड्याच वेळात जे पोटावर लोटांगण घातलं, ते अडीच तासांवर जवळजवळ तसंच ठेवलं. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, तर झबिस्को फिरकलाच नाही, आणि विजेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. भक्त या 'पळून गेला'वर उड्या मारतात आणि अडीच तास झाकून ठेवतात.

संशयवाद्यांचा हुकमी पत्ता इथेच आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. याच झबिस्कोला तीनच महिन्यांपूर्वी, 1 जून 1910 ला, शिकागोत अमेरिकेचा जगज्जेता फ्रँक गॉच याने हरवलं होतं, आणि पहिली चीत तर अवघ्या सहा-सात सेकंदांत. गॉचला जे सेकंदांत जमलं ते गामाला अडीच तासांत जमू नये? ऐकायला बिनतोड आहे. पण त्या सेकंदांची कथा अशी सांगतात, की झबिस्को हात मिळवायला पुढे झाला आणि गॉचने त्याला तसाच धरून आपटला. लंडनला उतरलेला झबिस्को हा पोळलेला झबिस्को होता. त्याने हात पुढे केला नाही, पाय पुढे केला नाही, पोट जमिनीला चिकटवलं. पालथ्या पडलेल्या आणि जिंकायची इच्छाच नसलेल्या भारी गड्याला घिस्सा मारून उलथवणं म्हणजे काय, हे तालमीत गेलेल्या कोणालाही विचारा. जगातल्या पहिल्या चार-पाचांतला मल्ल एखाद्यासमोर अडीच तास उठायलाच तयार नसेल, तर त्याने समोरच्याला दिलेलं याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं?

शिवाय ती कुस्ती गादीवरची, आणि गामा मातीतला. हा फरक महाराष्ट्राला शिकवायला नको. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता वेगवेगळे निघतात आणि गदेसाठी मग समोरासमोर येतात. परतफेड 1928 मध्ये पतियाळाला झाली, या वेळी मातीत. गामाने झबिस्कोला मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. 'झबिस्को तेव्हा म्हातारा होता' हा आक्षेप मी ऐकून घेतो, पण गामाही पन्नाशीला टेकला होता. आणि हा म्हातारा काही पेन्शनर नव्हे. 1925 साली अमेरिकेत, जिथे नुरा कुस्तीचा धंदाच चालायचा, तिथे याने ठरलेला निकाल धुडकावून वेन मन नावाच्या विजेत्याला खरोखरच पाडलं होतं.

'अजिंक्य' हा शब्द मात्र जरा जपून वापरावा. सात फुटांच्या जवळपास उंची असलेल्या रहीम बक्ष सुलतानीवाल्याशी गामाच्या कुस्त्या आधी बरोबरीतच सुटल्या, विजय नंतर मिळाला. न हरणं आणि दरवेळी जिंकणं यात बरोबरीएवढं अंतर असतं. आणि या कीर्तीला पोसणारेही हवेतच. पहिलवान बाळगणारा राजा त्याच्या कीर्तीतही गुंतलेला असतो. गामाचे आश्रयदाते, पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग काही तटस्थ पंच नव्हते. पण आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाचं उद्घाटन 1912 साली झालं ते गामाचा भाऊ इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने. हे घराणं मराठी मुलखात नुसत्या कानगोष्टींवर गाजलेलं नाही.

उरला भक्तांचा शेवटचा दावा: गॉच गामाला घाबरून टाळत राहिला. असेलही. पण न झालेली कुस्ती कोणाच्याच खात्यावर जमा करता येत नाही, गामाच्याही नाही. तेव्हा पाच हजारांतल्या चार हजार नऊशे नव्वद कुस्त्या परत घ्या, बडोद्याचा दगड संग्रहालयात आहे तिथेच राहू द्या. उरलेल्या दहांच्या जोरावर गामा हिंदुस्थानात निर्विवाद पहिला आणि जगात पहिल्या दोघांत. दोघांत पहिला कोण, हे एकाच कुस्तीने ठरलं असतं. ती झाली नाही, आणि गॉच 1917 सालीच वारला.