व्हाया हैती

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900. काकांनी वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर भागाकार केला आणि जाहीर केलं, "चौदा तास. सोळा म्हणतात ना, त्यातले दोन चहापाण्याचे." काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलाही अंदाज फुगवलेलाच असतो, ही त्यांची पक्की खात्री.

लेकीकडे न्यू जर्सीला निघालेल्या काका-काकूंची सोबत म्हणून मी होतो. पुण्याहून निघालो आणि खंडाळ्याला अडकलो. पुढे कंटेनर आडवा. दीडशे किलोमीटरचा भागाकार काकांनी केलाच नव्हता.

रात्री दीडला विमान सुटलं आणि काकांनी सिद्धांत मांडला. "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग एवढं इंधन कशाला जाळायचं? विमान मुंबईवर नुसतं उभं करा, न्यूयॉर्क आपणहून खाली येईल." हिशोबही तयार. मुंबई 73 पूर्व, न्यूयॉर्क 74 पश्चिम, मध्ये 147 अंश. तासाला 15 अंश, म्हणजे दहा तासांच्या आत काम फत्ते.

खिडकीजवळचा पोरगा इंजिनिअरिंगचा असावा. म्हणाला, "आजोबा, हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते. आणि समजा नाही फिरली, तरी मुंबई 19 अक्षांशावर, न्यूयॉर्क जवळजवळ 41 वर. तुम्ही हैतीजवळ समुद्रात उतराल."

"यांना पोहता येत नाही," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

यावर काका थोडा वेळ गप्प. मग समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघून हळूच म्हणाले, "ड्रायव्हर चुकलाय. अमेरिका पश्चिमेला आणि हा उत्तरेला निघालाय." यात मात्र काकांचा दोष नाही, शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाने आपल्या सगळ्यांनाच फसवलंय. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो नॉर्वे आणि आइसलंडवरून जातो. विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असं मात्र नाही. कुठे युद्ध, कुठे भांडण. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि आपल्या कंपन्यांना वळसे पडले. भाऊबंदकीतल्या बांधासारखंच हे.

आणि ते वरचे दोन तास? त्यात चहाचा हात अगदी थोडा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वारा वाहतो, कधी कधी ताशी 200 किलोमीटरहूनही जोरात. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. म्हणून परतीचा प्रवास साधारण चौदा तासांत होतो.

"म्हणजे चौदा बरोबरच होते," काका म्हणाले. "दिशा तेवढी उलटी धरली."

उतरलो तेव्हा काकांच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच आणि विमानतळाच्या घड्याळात सकाळचे आठ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. काकांनी लगेच डायरी काढली: निघालो दीडला, पोचलो आठला, प्रवास साडेसहा तास. "पुणे-नागपूर बसला याहून जास्त लागतात!" इमिग्रेशनच्या रांगेत मागेपुढे उभ्या असलेल्या सगळ्यांना त्यांनी हे ऐकवलं, आणि रांग अशी होती की कोणाला पळताही येईना.

पुण्याहून निघणाऱ्यांना एवढंच सांगणं, की घाटासाठी दोन तास जादा धरा. तिथे पाठीवर घेणारा वारा नाही.