साधंच काहीतरी

“यंदा कुठे जायचं नाही. सगळे इकडेच या, साधंच काहीतरी करू,” असं अप्पा फोनवर म्हणाले की आमच्या घरातले पुरुष गाडीच्या टायरमधली हवा बघतात आणि बायका आपल्या नखांकडे बघतात.

नखांचं पुढे येईलच. आधी अप्पा. माझे चुलतसासरे, मुक्काम पेण, बँकेतून निवृत्त. हा माणूस तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडे त्याला नाना किंवा बापू म्हणत असतील एवढंच. नाताळची सुट्टी लागली की अर्धी मुंबई गोव्याला नाहीतर महाबळेश्वरला निघते. अप्पांना या लोकांची मनापासून कीव येते. “तीन तास घाटात बसायचं, मग हॉटेलात तिप्पट पैसे मोजून पनीर खायचं. त्यापेक्षा घरी चार माणसं जमावीत, साधंच काहीतरी करावं, गप्पा माराव्यात.” यातली चार माणसं पोराबाळांसकट वीस भरतात. आणि घाटात अडकू नये म्हणून ही वीस माणसं पेणला येतात ती मुंबई-गोवा महामार्गावरून, ज्याच्या रुंदीकरणाला इथे 2011 साली हात लागला आणि जे बघत बघत आमच्या घरातली एक पिढी वयात आली. पेणच्या अलीकडे गाडी उभी असताना अप्पांचा फोन हमखास येतो. “कुठवर आलात? सावकाश या. काही घाई नाही, साधंच आहे.”

अप्पांचं घड्याळ गॅसला जोडलेलं आहे. शेगडी पेटली की ते सुरू होतं, बंद केली की थांबतं. त्याआधीचं सगळं त्यांच्या लेखी निसर्गात आपोआप होतं. नारळ झाडाला खवलेलाच लागतो, लसूण सोललेली उगवते, आणि मटार बाजारातून पिशवीतच दाणे होऊन येतात. “मटारभात टाका, वीस मिनिटांत होतो,” हे त्यांचं वाक्य कुठल्याही न्यायालयात टिकेल. भात वीस मिनिटांतच होतो. किलोभर शेंगांचे जेमतेम अर्धा किलो दाणे निघतात आणि वीस माणसांना किती किलो शेंगा लागतात, हा हिशोब मात्र बँकेत हयात घालवलेल्या माणसाने कधी मांडलेला नाही.

पण मटार किरकोळ. अप्पांचा खरा पदार्थ वालाचं बिरडं.

माझ्या लग्नानंतरचा पहिला नाताळ. पंचवीस तारखेला “साधंच बिरडं-भात करू,” असं अप्पांनी तेवीस तारखेला सकाळी जाहीर केलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा किती समंजस आहे, दोन दिवस आधी सांगतो. हा समंजसपणा नव्हता. कडवे वाल रात्रभर भिजतात. मग ते फडक्यात बांधून ठेवायचे. रायगडात भात कापल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर हे वाल येतात, त्यामुळे त्यांना थोडक्यात भागवायची सवय असेल असं तुम्हाला वाटेल. छे! थंडीत त्यांना मोड येत नाहीत. ऊब लागते. अप्पांनी आपली शाल काढून त्या गाठोड्याभोवती गुंडाळली, वर मफलर बांधला, आणि ते गाठोडं स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला ठेवलं. त्या रात्री मला पांघरूण अपुरं पडलं. वालांना पडलं नाही. पहाटे पाणी प्यायला उठले तर अप्पा अंधारात गाठोड्याला हात लावून बघत होते. “अजून गार आहेत,” ते मला म्हणाले, आणि माझ्याकडे, म्हणजे कुडकुडणाऱ्या नव्या सुनेकडे, त्यांनी पाहिलंही नाही.

मोड आले की वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक सोलायचा. एकेक. यात घाऊक काही नाही. साल बोटांत बुळबुळते, दाणा सटकतो, कपाटाखाली जातो, आणि अप्पा खुर्चीतून म्हणतात, “एक गेला.” त्यांचं काम गणंग वेचणं. भिजूनही दगडासारखे राहिलेले दाणे ते शोधतात, चष्मा कपाळावर नेऊन तपासतात आणि वाटीत वेगळे ठेवतात. सबंध संध्याकाळीत त्यांच्या वाटीत पाच-सहा गणंग जमतात. तेवढ्यात बाकीच्यांनी परातभर डाळिंब्या सोललेल्या असतात आणि बोटांची टोकं सुरकुतलेली असतात. मग काकू फोडणी टाकतात, आमसूल, गूळ, ओलं खोबरं घालतात, आणि पानं मांडताना अप्पा घड्याळ बघून जमलेल्या जनतेला सांगतात, “बघा. वीस मिनिटं.”

काकू यावर काही बोलत नाहीत. त्या साठवतात.

मुलांनी एका वर्षी केक मागितला. विकतचा आणला असता तर कोणाचं काय गेलं असतं? पण अप्पा म्हणाले, साधा रव्याचा करू, आमची आई वाळूवर करायची. ओव्हन नको, काही नको. ओव्हन नको म्हटल्यावर वाळू हवी, ती चाळलेली हवी, पातेलं जाड बुडाचं हवं आणि झाकणावर निखारे हवेत. माझा नवरा, जो घरी चहाचा कप स्वतः विसळत नाही, नाताळच्या दिवशी परसात उकिडवा बसून गव्हाच्या चाळणीने वाळू चाळत होता. ती चाळणी परत गव्हाला लावायला काकूंनी साफ नकार दिला. केक चांगला झाला. दाताखाली अधूनमधून पेण तालुका लागत होता.

आणि पोपटी. एकतीस डिसेंबरला रायगड जिल्ह्यात दुसरं काही होऊ शकतं असं अप्पांना मान्यच नाही. “पोपटीसारखं सोपं जगात काही नाही. तेल नको, पाणी नको, भांडी नकोत. बायकांना सुट्टी.” बायकांना सुट्टी हे शब्द ऐकले की मी आणि माझ्या दोन्ही जावा आपोआप ओट्याकडे वळतो. कारण मडक्यात जायच्या आधी वालाच्या शेंगा धुवायच्या असतात, जाडं मीठ आणि ओवा चोळायचा असतो, कोंबडीला वाटण लावायचं असतं, आणि वाटण पाट्यावरचं हवं असतं, कारण मिक्सरमध्ये चव जाते आणि पाट्यावर फक्त बायकांचे खांदे जातात.

पुरुषांकडे भांबुर्डीचा पाला. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला हा पाला दाबून भरला नाही तर ती पोपटी नव्हे, उकडलेल्या शेंगा. पूर्वी हा पाला बांधावर, पडीक शेतात कुठेही सापडायचा. आता बांधावर प्लॉटचे दगड रोवलेत आणि पडीक शेताला भिंत आहे. दर वर्षी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्याकडचे तीन सुशिक्षित पुरुष मोबाइलचे टॉर्च लावून कुणाच्या तरी कंपाऊंडच्या मागे वाकून पानांचा वास घेत हिंडतात. एकदा रखवालदाराने धरलं. काय चोरता म्हणून विचारलं तर माझे धाकटे दीर म्हणाले, “गवत.” बाकीचं अप्पांनी जाऊन निस्तरलं आणि येताना रखवालदाराला जेवायलाच घेऊन आले. “साधंच आहे,” ते वाटेत त्याला सांगत होते.

मडकं उपडं घालून भोवती पेंढा, गोवऱ्या, नारळाची झावळं पेटवली की अप्पा खुर्ची टाकून बसतात आणि आच कमी-जास्त करायचे हुकूम सोडतात. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र करून पाणी तिथल्या तिथे उडालं की झाली. हा शिपका मारायचा मान त्यांचा. दुसऱ्या कुणी मारला तर ते म्हणतात, पाणी नीट उडालं नाही.

आता काकूंकडे येते. तीनेक वर्षांपूर्वी काकूंनी साठवलेलं सगळं एकदम खर्च केलं. आम्ही नेहमीप्रमाणे पोचलो, अप्पा नेहमीप्रमाणे म्हणाले, आज साधंच काहीतरी करा. काकूंनी मुगाच्या डाळीची खिचडी टाकली. पापड भाजले. लोणचं, तूप. वाल नाहीत, मटार नाहीत, खवलेला नारळसुद्धा नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्धा तास, आणि हा अर्धा तास खराखुरा. साडेसातला पानं घेतली, आठला उचलली. आम्ही बायका हात कोरडे करून बाहेर येऊन बसलो. ओटा स्वच्छ, नखं शाबूत. मला वाटलं, जिंकलो.

सव्वाआठला कुणीतरी टीव्ही लावला. साडेआठला प्रत्येकाच्या हातात आपापला फोन होता. मुलं कोपऱ्यात चार्जरवरून भांडली आणि मग गप्प झाली. थोरल्या वन्संनी काहीतरी विषय काढला, दोघातिघांनी हं हं केलं, विषय पडला. अप्पा उठले, फ्रिज उघडून आत पाहिलं, बंद केला. परसात जाऊन आले. गणंग वेचायची रिकामी वाटी ताटाळ्यातून काढून पुन्हा ठेवली. नऊला सगळे झोपायला गेले. नऊला! वीस माणसं, चार जिल्ह्यांतून आलेली, आणि एकाचंही कोणाशी भांडण झालं नव्हतं.

मी अंथरूण घालत होते तेव्हा काकू दारात आल्या. “उठ गं. वालाचा डबा काढ वरचा. भिजत घालू. नाहीतर उद्या दुपारीच निघतील सगळे.”

हे लिहायला मला आवडत नाही, पण या घराबद्दल मला जे काही माहीत आहे ते त्या परातीभोवतीच कळलेलं आहे. नवऱ्याने दहावीची गुणपत्रिका कुठे दडवली होती, थोरल्या वन्संचं पहिलं लग्न का मोडलं, आजेसासऱ्यांनी मिठागर कोणाच्या सांगण्यावरून विकलं आणि त्यावरून दोन भाऊ किती वर्षं बोलत नव्हते. नजर परातीत आणि बोटं गुंतलेली असली की माणसं असल्या गोष्टी बोलून जातात. समोरासमोर सोफ्यावर बसवून विचारलं असतं तर हवापाण्यावर निभावलं असतं. अप्पा या गप्पांत फारसे नसतात. ते गणंग वेचतात. पण शेवटचा दाणा सोलून होईपर्यंत हा माणूस खुर्चीतून उठत नाही, पाठ दुखत असली तरी नाही, हे मी पाहिलेलं आहे. त्यासाठी त्यांना पाट्यावरचं वाटण माफ करायला मी अजून तयार नाही.

त्यांचा स्वतःचा मुलगा न्यू जर्सीत असतो. गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे सोलायला बसलेलो असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. भावजी खुशीत म्हणाले, अप्पा, आज आमच्याकडेपण बिरडं, आणि त्यांनी फ्रीजरमधून एक पाकीट काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. गोठवलेले वाल. मोड आलेले, सोललेले.

“सोललेले?” अप्पा म्हणाले.

“हो, इंडियन स्टोअरमध्ये मिळतात. वीस मिनिटांत होतं, अप्पा!”

आमच्या परातीभोवती एकदम शांतता. आयुष्यभर म्हटलेलं स्वतःचं वाक्य साता समुद्रापलीकडून परत आल्यावर अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकू मान खाली घालून सोलत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने अप्पांनी विचारलं, “मग संध्याकाळभर तुम्ही तिघं करता काय?”

“अप्पा, लॅपटॉप असतो, तिचा अभ्यास असतो... जातो वेळ.”

अप्पांनी थोडा विचार केला आणि सूर बदलला. नातीसाठी संक्रांतीला घरचा हलवा कर म्हणाले. काटेरी. तीळ घ्यायचे, मंद आचेवर परात ठेवायची, एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. काटा यायला थंडी लागते, ती तुमच्याकडे फुकट पडलीय. हलव्याला गॅस सबंध वेळ पेटलेलाच असतो, त्यामुळे इथे अप्पांच्या घड्याळालासुद्धा लपवाछपवी करता येत नाही, म्हणून भावजींनी किती वेळ लागेल विचारल्यावर ते जरा चाचरले. “रोज थोडा थोडा करायचा. आठेक दिवस. साधंच आहे रे.”

संक्रांतीच्या आधी माझ्या त्या जावेचा मेसेज आला. सोबत फोटो होता, परातीतल्या तिळांना बारीक पांढरा काटा आलेला, बाजूला एक लहान हात आणि एक मोठा, मोठ्याच्या दोन बोटांना पट्ट्या. खाली तिने लिहिलं होतं, “रात्रीचे अकरा वाजलेत. उद्या शाळा आहे आणि ही दोघं आठवडाभर रोज अशी किचनमध्ये बसून कुजबुजतायत, मी गेले की गप्प होतात. ओट्यावर सगळा पाक सांडलाय. अप्पांना सांग, पुढच्या डिसेंबरला आम्ही तिकडे येतोय आणि मी हॉटेलात उतरणार आहे.”