भर दुपारी दिवा लावायला लावणाऱ्या बिल्डरसाहेबांना

बिल्डरसाहेब,

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ पूर्वेला, बदलापुरात जुनी बैठी चाळ पाडली की त्या दोन-तीन गुंठ्यांत तुमची इमारत उभी राहते. दर्शनी भागाला काचा, लॉबीत ग्रॅनाइट. जिन्यात मात्र दुपारी बारा वाजताही मोबाइलची बॅटरी लावून चढावं लागतं.

प्लॉट लहान होता, असं तुम्ही म्हणाल. खोटं आहे ते. जिन्याच्या वळणावर खिडकी ठेवायला प्लॉटने कुठे मनाई केली होती? स्वयंपाकघर आणि संडास एकाच अरुंद डक्टमध्ये उघडायचे, हे कुणी ठरवलं? खालच्यांची फोडणी आणि वरच्यांच्या संडासाचा वास एकाच पोकळीत कोंडतो. तिथे साचलेला कचरा काढायला माणूस शिरेल एवढं दारही तुम्ही ठेवलं नाहीत.

उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश उघडी जागा हवी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीला साधारण १७ चौरस फूट. तुम्ही देता चार बाय तीनची स्लायडिंग. ती एका वेळी अर्धीच उघडते, म्हणून वारा येतो सहा चौरस फुटांतून. तोही समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून, कारण नकाशातलं सामासिक अंतर जागेवर उतरेपर्यंत आकसलेलं असतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो. त्या खोलीत ओट्यापाशी उभी राहणारी बाई तुमच्या हिशेबात कुठे आहे?

छज्जाही तुम्ही खाल्लात. जुलैत पाऊस तिरका येतो, भिंत भिजते, ओल आत उतरते, लोखंड गंजतं. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरने दोन इमारतींचे स्लॅब कोसळताना पाहिले, आधी मोहिनी पॅलेस, मग २८ तारखेला साईसिद्धी. साईसिद्धीत सात माणसं गेली. ते स्लॅब का पडले, हे तज्ज्ञ सांगतील. पण त्यानंतरही तुम्ही गळक्या गच्चीवर नुसता चुन्याचा हात मारून ताबा देता, याचा मला संताप येतो.

बदलापुरात २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी घरांत शिरलं. तरी तुमच्या मीटरपेट्या आणि पाण्याचे पंप अजून तळमजल्यावर, जमिनीलगत. चार फूट वर बसवायला काय लागतं?

बेकायदा मजले नियमित करण्यासाठी शासनाने उल्हासनगरपुरता खास कायदाही केला. दंड भरला की मजला नियमित होईल. अंधारी खोली कशी उजळणार? डोंबिवली परवडली नाही म्हणून लोकल पकडून पुढे आलेलं कुटुंब वीस-वीस वर्षं त्या खोलीचे हप्ते भरतं.

पुढच्या इमारतीचा नकाशा पालिकेत देण्याआधी एवढं करा. प्रत्येक घराला दोन बाजूंनी वारा, पूर्ण उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या, त्यांच्यावर दोन फुटी छज्जा, जिन्याला जाळी, डक्टला दार. यातलं काहीच गुंठे वाढवून मागत नाही. आणि बुकिंगला आलेल्यांसमोर तोच नकाशा पसरा, समोरची भिंत खिडकीपासून किती फुटांवर येणार तो आकडा त्यावर लिहून.

तुमच्याच गल्लीतला एक रहिवासी