मादी फुकट मिळाली, आभारी आहोत

प्रति,
सर्व सन्माननीय घरगुती ब्रीडर साहेब,
मुक्काम : गच्चीवरचं शेड, परड्यातला पत्रा, नाहीतर बंद गाळा

विषय : वापरून झालेल्या माद्या फुकट दिल्याबद्दल जाहीर आभार.

स.न.वि.वि.

महोदय, आपला फोन आला की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आम्हा चार पोरांना भरून येतं. एरवी पिल्लाच्या किमतीत पाचशे रुपयेही न सोडणारा माणूस आपण होऊन म्हणतो, "दादा, लॅबची मादी हाय. डबल बोन, लई शांत. पैसे नकोत, घेऊन जावा." आम्ही निवृत्ती चौकातून गाडी काढतो. मादी शांत असतेच. गोचीडतापानं रक्त उतरलं की कुणीही शांत होतं.

आपल्या दानाची यादीही सांगायला हवी. पंजात घुसलेली नखं, लोंबलेली आचळं, कधी गर्भाशयात पू. आमच्या दारात आल्यावर ती जिन्यापाशी थांबते, कारण पिंजऱ्याला पायऱ्या नसतात. वय विचारलं की आपण "असंल तीन-चार" म्हणता. डॉक्टर दात बघून त्याच्या दुप्पट सांगतात. वेतं किती झाली विचारलं की लगेच आपल्याकडची रेंज जाते. शाहू स्टेडियमवर कोण कुठल्या साली कुठल्या संघातून खेळला, हे पेठेतल्या पोराटोरांना तोंडपाठ आहे. आपल्या घरच्या मादीचा हिशेब मात्र आपल्याला आठवत नाही.

आपल्या धंद्याच्या नजरेचं मात्र कौतुक आहे. हचच्या जाहिरातीतला पग एका पोरामागं चालला आणि आपण गल्लोगल्ली पग पोचवले. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप लागते, हे गिऱ्हाइकाला मे महिन्यात कळलं. मग टीव्हीवरच्या मालिकेत लांडगे दिसले आणि हस्कीची लाट आली. सायबेरियात चुकची लोकांनी बर्फावर गाड्या ओढायला वाढवलेलं ते कुत्रं रंकाळ्यावर फिरायला आलं. इथल्या उन्हापावसात तयार झालेला, २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेला मुधोळ तिकडं चिकोडीपलीकडंच आहे. पण त्याला निळे डोळे नाहीत, त्याला आपण तरी काय करणार!

केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. गडबडीत ते आपल्या वाचनात आले नसतील. ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. दीड वर्षाच्या आत मादी लावायची नाही. वर्षाला एकच वेत, उभ्या आयुष्यात पाच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आणि या सगळ्याची वही ठेवायची. घाबरू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तेवढ्यात आज कोल्हापुरात मिसळसुद्धा येत नाही.

पण महोदय, खरं म्हणजे आभार आपण आमचे मानायला हवेत. पिल्लांचे पैसे आपले. ऑपरेशन, सलाईन, पथ्याचा भात आणि शेवटी खड्डा खणणं आमचं. मादी सकाळी आमच्याकडं येते, संध्याकाळी तिच्या जागी दुसरी उभी असते. आम्ही म्हणतो, एक जीव सुटला. आपण म्हणता, पिंजरा मोकळा झाला. दोघांचंही खरं आहे, आणि आमची झोप उडते ती त्यामुळंच. आपल्या धंद्यातलं भाडं न घेणारं गोदाम आम्हीच आहोत.

म्हणून यापुढं थोडे बदल. मादी आम्ही नेणारच. तिचा काय गुन्हा? पण येताना नोंदणी क्रमांक विचारू. ती आम्हाला कायमची दिली, असं सहीनिशी लिहून घेऊ. नसबंदीचं बिल आपल्या नावावर लावू. मागं उरलेल्या माद्या मोजू. क्रमांक नसला, तर मोजलेला आकडा पत्त्यासकट प्राणी कल्याण मंडळाकडं लेखी जाईल. दंड पन्नास रुपये असेल, पण दारात तपासणीची गाडी उभी राहिली की गल्लीत विषय होतो, आणि पेठेत विषय होणं फार महाग पडतं.

दत्तक मागायला येणाऱ्यांनाही आता अजिबात सवलत नाही. "पेपर हाईत काय?", "मादी नको, नर बघा", आणि सगळ्यात गोड म्हणजे, "एकदा पिल्लं काढतो, मग करूया की नसबंदी." हे शेवटचे गृहस्थ म्हणजे आपले उद्याचे भाऊबंद. त्यांना चहा देऊ, कुत्रं देणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शिवाजी पेठेतली बिनपगारी पोरं

प्रत माहितीसाठी : पिल्लाचा फोटो मोबाईलवर बघून ॲडव्हान्स पाठवायच्या बेतात असलेले तमाम श्वानप्रेमी. पैसे द्यायच्या आधी पिल्लाची आई बघायला मागावी; कुठं ठेवलीय, कशी दिसते, चालते कशी, तेही बघावं. "आई गावाकडं हाय" असं उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवून सरळ जिना उतरावा.