चालू कंडिशन

आंजर्ल्याच्या खाडीकाठी आमच्या वाडीत कुणाचंही घर शोधायचं तर पऱ्या, गडगा, वड नाहीतर देऊळ अशी खूण सांगावी लागते. अप्पांचं घर कानाने सापडतं. सकाळी आठच्या सुमारास आधी एक फट्, मग फट्-फट्, मग बराच वेळ काहीच नाही आणि पाठोपाठ "अगं, आत्ता घेत होती!" अशी आरोळी जिथून येईल, तिथे वळायचं. आरोळी काकूंना उद्देशून असते. काकू स्वयंपाकघरातून "हो का" म्हणतात. कोण घेत होती आणि काय घेत होती, हे विचारणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं आहे.

अप्पा बँकेत कॅशियर होते. दिवसाच्या हिशेबात दहा रुपये कमी लागले तर सगळ्या शाखेला संध्याकाळी सातपर्यंत बसवून ठेवणारा माणूस. पण आपल्या घरात इंजिनं किती, हे त्यांना आजही धड सांगता येत नाही. विचारलं तर "सुटी धरून का जोडलेली?" असा उलट सवाल येतो. जोडलेली म्हणाल तर पडवीत येझदी, चेतक, साताऱ्याची प्रिया, पायडलवाली लूना आणि एम-एटी. गुरं विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात महिंद्राची जुनी जीप. गव्हाणीत दोन ग्रासकटर आणि झाडं कापायचा करवत. माळ्यावर जनरेटर, त्याच्याशेजारी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा पंप. खाडीवर फायबरची होडी आणि तिचं इंजिन. सुट्यांबद्दल बोलायचं तर एकदा काकूंनी लोणच्याची बरणी समजून फडताळातली बरणी उघडली, तर आत तेलात बुडवून ठेवलेल्या पिस्टनच्या रिंगा निघाल्या.

या गोतावळ्यात शिरायला एकच अट. पेट्रोल लागलं पाहिजे. डिझेलचं नाव काढलं की अप्पांच्या चेहऱ्यावर सोवळ्यातल्या माणसाचे भाव येतात. "माणसाने डिझेलवर पोट भरावं आणि पेट्रोलवर जगावं," हे त्यांचं मत. त्यांच्या जीपला आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. एके काळी सगळेच बसवत होते, कारण ही जीप पेट्रोलवर लिटरला सहा-सात किलोमीटर गेली तरी मालक पेढे वाटायचा. अप्पांनी ते उतरवलं आणि जिल्हाभर हिंडून मूळचं बावीसशे सीसीचं पेट्रोल इंजिन मिळवून बसवलं. "परवडतं का?" असं मी विचारलं. "उभी असते तेव्हा परवडतं," ते म्हणाले. ती उभीच असते.

अप्पांना गाड्या चालवायचा नाद आहे असा वाडीचा समज आहे. मला तो पटत नाही. मी त्यांना येझदीवरून बाजारात गेलेलं पाहिलेलं नाही. बाजारात ते एसटीने जातात. अप्पांना नाद आहे तो सुरू करायचा. बंद पडलेलं इंजिन आणि चालू झालेलं इंजिन यांच्या मधला जो काळ, त्यात ते सुखी असतात. मग तो काळ पाच मिनिटांचा असो नाहीतर पाच वर्षांचा.

तो सोहळा एकदा जवळून बघावा. पडवीत जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर कार्बोरेटर खोललेला असतो. फ्लोट, सुई, स्प्रिंग, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडलेले. अप्पा पितळी जेट दोन बोटांत धरतात, वायरमधली तांब्याची एकच तार सोलून तिच्या भोकातून फिरवतात, फुंकर मारतात आणि चष्मा कपाळावर चढवून, एक डोळा मिटून त्या भोकातून आभाळ बघतात. आभाळ गोल दिसलं की कचरा गेला. मग प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, काजळी कोरडी की ओली हे अंगठ्याने चोळून बघायचं. मग सगळं जोडायचं. येझदीची किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवून गिअरसाठी वापरायची असते. अप्पांना किकवरून गिअरवर यायची वेळच येत नाही, त्यामुळे ती दांडी जन्मभर मागेच उभी आहे. चेतक सुरू व्हायच्या आधी कुशीवर झोपवावी लागते, हे चाळिशीपुढच्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. अप्पा ती झोपवताना तिच्या सीटवर हलकी थापही मारतात.

आणि मग ती घेते. सगळी पडवी निळ्या धुराने भरते, कोंबड्या गडग्यापलीकडे जातात. अप्पा मान किंचित कलती करून ऐकतात. आवाजावरून ऑइल लिटरला वीस मिली पडलंय की चाळीस, हे त्यांना कळतं असा त्यांचा दावा आहे. दहा-बारा सेकंद झाले की इंजिन बंद.

"बंद का केलीत अप्पा?"

"अरे, झाली की चालू!"

एकदा दसरा झाल्यावर काकूंनी बेणणी काढायची म्हणून तगादा लावला. गवत कमरेएवढं वाढलं होतं. घरात दोन ग्रासकटर असताना बाहेरच्या गड्यांना मजुरी कशाला, हा त्यांचा साधा व्यवहारी सवाल. अप्पांनी पहिला कटर काढला. त्याच्या क्लचमधून आवाज येत होता. तो बघण्यासाठी दुसऱ्याचा क्लच खोलून शेजारी ठेवला. दोन्ही जोडताना एक स्प्रिंग जास्त उरली. कॅशियरच्या हातून हिशेबात जास्त उरणं म्हणजे कमी पडण्याइतकंच वाईट, म्हणून पुन्हा दोन्ही खोलले. तोवर काकूंनी गुपचूप दोन गडी बोलावून कोयतीने आगर साफ करून घेतलं. संध्याकाळी दोन्ही कटर एकदम सुरू झाले तेव्हा कापायला गवताची काडी उरली नव्हती. अप्पांना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. "बघ, दोन्ही चालू कंडिशनमध्ये," त्यांनी काकूंना सांगितलं. काकू गड्यांची मजुरी मोजत होत्या.

पेट्रोलचा पुरवठा ही यातली खरी गुंतागुंत. पंपवाला कॅनमध्ये पेट्रोल देत नाही, नियम तसा आहे. इतकी तोंडं भरायची कशी? त्यासाठी एम-एटी आहे. ही एकच गाडी घराबाहेर पडते, ती पंपापर्यंत. टाकी गच्च भरून येते, मग अप्पा नळी लावून ते पेट्रोल बाकीच्यांना वाढतात. नळी तोंडाने ओढावी लागते, एखादा घोट चुकून आत जातो. डॉक्टरांनी दटावून झालं. अप्पा म्हणतात, चव कळते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून तर त्यांना तोंडाला चवच राहिली नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पाणी फार झालं की त्याच्यासकट टाकीच्या तळाशी बसतं, जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि कार्बोरेटरच्या पेल्यात पांढरी पूड साचते. कोकणची हवा, ओलाव्याला काय तोटा? खरं तर या धोरणाने अप्पांचं भलंच केलं आहे. पूर्वी वर्षाकाठी एकदा खोलायला लागायचा तो कार्बोरेटर आता दर महिन्याला खोलावा लागतो. पण सरकारचे उपकार कोण मान्य करतो?

होडीचं प्रकरण निराळं. ती मात्र कधीमधी पाण्यात जाते, कारण भरती आली की काही न करताही ती तरंगते. इंजिन खाऱ्या पाण्यात दोन मिनिटं जरी चाललं, तरी नंतर गोड्या पाण्यात चालवून आतलं मीठ धुवावं लागतं, नाहीतर पाण्याचे मार्ग बुजतात. त्यासाठी अप्पा दोनशे लिटरचं पिंप भरतात, फळी ठोकून इंजिन त्याच्या काठावर अडकवतात आणि दोरी ओढतात. पंखा पिंपात घुसळतो, मागून पाण्याची बारीक धार सुटते. ती धार बोटाने तपासून अप्पा म्हणतात, "कोमट आहे. छान." एप्रिलमध्ये विहीर तळाला गेलेली असते आणि काकू त्या पिंपातल्या पाण्याकडे बघत पायरीवर उभ्या असतात. एकदा घरी आलेल्या पाहुण्याने विचारलं, "अप्पा आंघोळीला गेलेत का?" काकू म्हणाल्या, "आधी इंजिनाची होऊ दे. पाणी उरलं तर ह्यांची."

कोकणात मेअखेरीला आगोट करतात. सुकी मासळी, कोकम, पापड, लाकडं असं पावसाळ्याचं सगळं भरून ठेवायचं. अप्पांची आगोट उलटी. ते रिकामं करतात. प्रत्येक टाकी कोरडी, प्रत्येक कार्बोरेटरचा पेला कोरडा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत, दोन किका कोरड्या, वर गोणपाट. काढलेलं पेट्रोल जुनं झालं तर डिंकासारखं बसतं, म्हणून ते वाडीतल्या मोटारसायकलवाल्या पोरांना वाटून टाकायचं.

2020 साली ही आगोट नेहमीप्रमाणे वेळेत उरकली आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं. त्याने श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनारा गाठला, पण दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही झोडपून काढलं. पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. दुसऱ्या दिवशी वाडीचं चित्र असं होतं: रस्त्यावर झाडं पडलेली. झाडं कापायला अप्पांचा करवत. करवताला पेट्रोल हवं. पेट्रोल पंपावर. पंपाकडे जायच्या रस्त्यावर झाडं पडलेली.

इतकी इंजिनं असलेल्या घरात थेंबभर पेट्रोल नव्हतं. सगळे अप्पांच्या तोंडाकडे बघत राहिले. अप्पा आत गेले आणि वही घेऊन आले. मेमध्ये कुणाला किती पेट्रोल दिलं ते तारखेसह, मिलीलिटरमध्ये लिहिलेलं होतं, समोर सह्या. शेवटी कॅशियर! खांद्यावर नळी टाकून ते घरोघरी वसुलीला निघाले. पोरं बिचारी टाकीचं झाकण उघडून उभी राहिली.

पुढचे काही आठवडे अप्पांचं राज्य होतं. गंमत अशी की यंत्रं चालवली पोरांनी, अप्पांनी फक्त दोरी ओढली. करवत सुरू करून द्यायचा आणि पुढे जायचं. मग पंप. तो या विहिरीवरून त्या विहिरीवर फिरला, कारण लाईट नसल्याने कुणाच्याच घरात पाणी चढत नव्हतं. मग जनरेटर. त्यावर लोक मोबाईल चार्ज करून नेत. रेंज कशालाच नव्हती, पण बॅटरी शंभर टक्के आहे एवढ्यानेही माणसाला धीर येतो. कधी नव्हे ते काकूही कौतुकाने म्हणाल्या, "ह्यांच्यामुळे झालं हो." लाईट आली त्या रात्री सगळ्या वाडीने आरोळी ठोकली. अप्पा जनरेटरचा कॉक बंद करत होते. "अजून चार दिवस सहज ओढला असता," एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत.

त्या कौतुकाची मुदत कधीच संपली. आता कायद्याचा ससेमिरा आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करा, पर्यावरण कर भरा, नव्या सुरक्षा नंबरप्लेटा लावा. अप्पांनी एकाच दिवशी इतक्या प्लेटा नोंदवल्या की त्या केंद्रावरच्या मुलाने विचारलं, "काका, तुमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस कुठे आहे?" एका नियमावर मात्र अप्पा फिदा आहेत. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या मूळ अवस्थेतल्या गाडीची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद होते. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि मुख्य अट ही की ती गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही. ही अट अप्पांनी गेली कित्येक वर्षं कुणी न सांगता पाळलेली आहे. जीप त्यात बसते का, यावर सध्या पत्रव्यवहार चालू आहे. चेतकच्या पन्नाशीचं वर्ष त्यांनी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलं आहे. काकूंच्या साठीचं लिहिलं नव्हतं, आणि काकूंना ते माहीत आहे.

तेव्हापासून काकूंचा एकच धोशा: निदान एक तरी विका. विकायला अप्पा नाही म्हणत नाहीत. गिऱ्हाईकही येतं. जुन्या येझदीला हल्ली पुण्या-मुंबईकडे चांगला भाव आहे. अडचण तर्काची आहे. गिऱ्हाइकासमोर गाडी सुरू झाली नाही तर गिऱ्हाईक घेत नाही. आणि पहिल्या किकला सुरू झाली तर अप्पा देत नाहीत. "पहिल्या किकला घेणारी गाडी कोण विकतो रे?"

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून एक तरुण आला, आगाऊ रक्कम खिशात घेऊन. काकूंनी त्याला आल्या आल्या आंबोळ्या वाढल्या. इतकी सरबराई त्यांनी जावयाचीही केली नसेल. येझदी तिसऱ्या किकला सुरू झाली. पहिलीही नाही आणि कधीच नाही असंही नाही. सौदा जमण्यासारखी याहून चांगली वेळ येणार नव्हती. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. पडवीत दोघं बराच वेळ बोलत बसले. मधेच अप्पांचा आवाज चढला: "लॅम्ब्रेटा? आणि वाड्यात नुसती पडून? किती वर्षं?"

काकू बाहेर आल्या तेव्हा येझदी जागच्या जागी होती. अप्पा त्या तरुणाच्या गाडीच्या डिकीत ओढायचा जाड दोर, पान्यांची पिशवी आणि पुण्यात दोन रात्री राहावं लागलं तर असावेत म्हणून दोन सदरे भरत होते.