आमटीतलं पाणी

ऐन जेवणाच्या वेळी दारात पाहुणा उभा राहिला की मराठी स्वयंपाकघरात जे घडायचं, ते बाहेरच्या खोलीत कळू द्यायचं नसे. बाहेर "या, या, अगदी वेळेवर आलात" चाललेलं असायचं आणि आत आमटीच्या पातेल्यात तांब्याभर पाणी, थोडं मीठ-तिखट आणि दोन आमसुलं पडायची. एक उकळी फुटली की चौघांची आमटी सहांना पुरायची. पाहुणा दोन वाट्या भुरकून, पोटावरून हात फिरवत उठायचा. घरच्या बाईच्या जिवाला मात्र रात्रीपर्यंत घोर, फार पाणचट तर नव्हती झाली?

तिनं चोरून केलेली ही गोष्ट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स या बाईंनी उजळ माथ्यानं केली आणि तिच्यावर शोधनिबंध लिहिला. १९९९ सालची गोष्ट. काही स्त्रियांना जेवणाआधी एक दिवस कोंबडी-भाताचा घट्टसा पदार्थ दिला, एक दिवस तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी, आणि एक दिवस ते पाणी त्यातच घालून केलेलं सूप. कॅलरी तिन्ही दिवशी सारख्या. मग जेवायला बसवलं. सूप घेतलेल्या दिवशी बायका कमी जेवल्या. पेल्यातल्या पाण्यानं मात्र काहीच फरक पडला नाही. जेवणाआधी दोन ग्लास पाणी प्यायचा सल्ला ज्यांनी मला आयुष्यभर दिला, त्या सगळ्यांची या ठिकाणी प्रेमानं आठवण झाली.

हिशेब म्हटला तर सोपा आहे. पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये कॅलरी किती, एवढंच बघायचं. तेल-तुपाच्या ग्रॅमला नऊ, पिठूळ-गोड भागाला चार, प्रथिनांना चार, पाण्याला शून्य. हे आकडे विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवून दिले आणि बिस्किटांच्या पुड्यांमागचे आकडे आजही त्याच हिशेबानं निघतात. पोट काही पुडे वाचत नाही. आपण किती ताणलो, हे त्याला लवकर कळतं; आत नेमकं काय आलं, ते सावकाश. शिवाय माणूस रोज साधारण तेवढ्याच वजनाचं अन्न खातो, असं रोल्सबाईंना आढळलं. मग घास तेवढेच ठेवून घासातलं पाणी वाढवलं, तर पोट भरतं, कॅलरी घटतात आणि उपाशी राहावं लागत नाही. या शेवटच्या कलमासाठी मराठी माणूस बाकीचं सगळं शास्त्र डोळे मिटून मान्य करील.

मध्यंतरी वजनावरून महाराष्ट्रात दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत, थोड्या थोड्या वेळानं खा आणि वरणभातावरच्या तुपाला घाबरू नका. दोन्हीकडच्यांना आपापल्या वाटेनं गुण आलेला असेल. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी कुणालाच दुखवायचं नाही असं ठरवलं. ते पंचावन्न मिनिटं भरगच्च जेवत आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी तूप लावून काहीतरी खात. त्यांचं वजन दोन्ही पंथांना पुरून उरलं. घड्याळाचं भांडण सोडवायची माझी योग्यता नाही. पातेल्यात पाणी किती आहे, तेवढं मात्र चष्मा न लावताही दिसतं.

आणि एकदा ते दिसायला लागलं की स्वयंपाकघर वेगळंच दिसतं. तिथे वर्षभर दोनच उद्योग चालू असतात, पाणी घालायचं आणि पाणी काढायचं. मान सगळा काढण्याला. दही फडक्यात टांगून पाणी निथळलं की चक्का, चक्क्यात साखर फेटली की श्रीखंड, आणि श्रीखंडासाठी पाडव्याचा मुहूर्त. त्याच दह्यात पाणी घालून घुसळलं की ताक, त्याला कसला आलाय मुहूर्त! दूध आटवलं की बासुंदी, आणखी आटवलं की खवा, खव्याचे पेढे. पेढ्यांचा नवस बोलणारे पुष्कळ असतात, ताकाचा नवस बोललेला मी ऐकलेला नाही. तासगावकडच्या ताज्या द्राक्षांत शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास कॅलरी असतात. तीच मांडवात सुकवून बेदाणे झाले की तीनशेच्या घरात जातात. बेदाण्याची मूठ तोंडात टाकणाऱ्याला आपण अख्खा घड गिळतोय याची कल्पना नसते.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे होळीचं ताट. हरभऱ्याची डाळ शिजवून चाळणीवर ओततात. डाळ गुळात आटून पुरण होते आणि पोळीत जाते, तिच्यावर पुन्हा तुपाची धार. खाली निथळलेलं पाणी, म्हणजे कट, मसाल्याची फोडणी पांघरून आमटीत जातो. एकाच डाळीतून निघालेली ही दोन टोकं एकाच ताटात समोरासमोर येतात आणि आपण त्यांतल्या एकीलाच सणाचं नाव देतो. ज्याला वजन उतरवायचं आहे त्यानं आधी दोन वाट्या कटाची आमटी भुरकावी, मग पोळीकडे वळावं. पोळी अजिबात नको असं मी म्हणणार नाही. होळीला तसं म्हणणाऱ्याच्या नावानं बोंब मारायची सोय त्याच संध्याकाळी असते.

पाणी काढण्याचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे तळण. कढईत वडा सोडला की जे बुडबुडे उठतात, ते वाफ होऊन पळणारं पाणी. त्याची रिकामी झालेली जागा तेल घेतं. शून्यवाला बाहेर, नऊवाला आत. उकडलेल्या बटाट्याच्या शंभर ग्रॅममध्ये नव्वदसुद्धा कॅलरी नसतात, त्याच्याच वेफर्समध्ये पाचशेच्या वर. आणि बदनाम कोण, तर बटाटा! सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अडतीस पदार्थ लोकांना समान कॅलरींच्या मापानं खायला घालून कशानं पोट जास्त भरलेलं राहतं ते तपासलं, तर पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा आला. डायटवर असल्याचं जाहीर करून रश्श्यातल्या बटाट्याच्या फोडी ताटाच्या कडेला काढणारी आणि संध्याकाळी वेफर्सचं पाकीट "जरासंच" म्हणून फोडणारी माणसं मला माहीत आहेत. नावं सांगितली तर मला घरात चहा मिळणार नाही.

आपल्या पूर्वजांना पाणी काढायचा एवढा सोस का होता? कारण उघड आहे. पाणी असलं की अन्न आंबतं, बुरशी धरतं, आणि वाहून न्यायला जड होतं. बैलगाडीनं तीन-चार मुक्काम करत जायचं असेल तर बरोबर वरणभात नेता येत नाही. म्हणून पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या, गुळपापडीच्या वड्या, तिळाचे लाडू, सोलापूरकडची कडक भाकरी. थोड्या जागेत पुष्कळ बळ आणि टिकायला पक्कं. ते प्रवासाचं अन्न होतं, आणि त्या प्रवासात ते खर्चही होत होतं. आता चिवडा, शेव, चकली, शंकरपाळी असं सगळं प्रवासाचं अन्न बारा महिने डब्यात असतं आणि प्रवास तेवढा सोफ्यापासून फ्रिजपर्यंतचा उरला आहे.

उपासाचं तर बोलायलाच नको. एकादशी नि दुप्पट खाशी, हे ज्यानं कुणी म्हणून ठेवलं त्याच्याकडे कॅलरींचा तक्ता नव्हता, नाहीतर दुपटीवर थांबला नसता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याला दाण्याचा कूट आणि तूप, बाजूला तळलेल्या बटाट्याचा कीस, मधल्या वेळी केळ्याचे वेफर्स, आणि रात्री "आज काही खाल्लंच नाही" म्हणून राजगिऱ्याचा लाडू. विठोबा कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत असतो. वास्तविक उपासालाही पाणी चालतं. वऱ्याच्या तांदळाबरोबरची दाण्याची आमटी पातळ करता येते, दह्यातली उपासाची काकडी आहे, ताक आहे, ओलं फळ आहे. पण त्यांनी उपास केल्यासारखा वाटतो, आणि तेच नेमकं कुणाला नको असतं.

आता दाण्याचा कूट. याच्यावर टीका करताना मला घरच्या माणसाविरुद्ध साक्ष दिल्यासारखं होतं. दीडशे ग्रॅम काकडीत वीस-पंचवीस कॅलरी असतात. तिच्यावर चांगला ऐसपैस चमचाभर कूट पडला की पन्नास-साठ वाढतात, छोट्या चमचाभर तेलाच्या फोडणीनं आणखी चाळीस. म्हणजे त्या वाटीत काकडी केवळ नावापुरती मालकीण, कारभार कूट बघतो. तरीसुद्धा हिशेब करून पाहिला तर ही खमंग काकडी ग्रॅमला एका कॅलरीच्या आतच राहते, साध्या पांढऱ्या भातापेक्षाही कमी. कूट निम्मा केला तर फारच उत्तम. पण संपूर्ण वर्ज्य करून कोरडी काकडी चावत बसायला मी कुणाला सांगणार नाही. जे चवीला लागत नाही ते चार दिवसांत सुटतं. शिवाय गाजर-पालेभाजीतलं जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतंच. काकडीला माझा पाठिंबा आहे, पण कुटासकट.

या हिशेबाला दोन ठिकाणी भोक आहे, तेही सांगतो. एक म्हणजे गोड पेय. उसाचा रस, कोल्ड्रिंक यांत पाणीच पाणी, म्हणून ग्रॅमवारी ती भोळीभाबडी दिसतात. पण त्यांनी भूक फारशी हलत नाही. रसवंतीत घुंगरांच्या तालावर मोठा ग्लास रिचवून माणूस घरी जातो आणि नेहमीइतकंच जेवतो. आमटीचा न्याय तिथे लागू नाही. दुसरं म्हणजे तर्री. मिसळीच्या वाटीत खाली रस्सा आणि वर लाल तवंग. तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून तरंगतं, आणि वाटीतलं सगळ्यात हलकं तेच कॅलरीत सगळ्यात जड. "रस्सा चालतो ना?" असं विचारून वरचा तवंग ओरपणाऱ्याला कुठलाही शास्त्रज्ञ वाचवू शकत नाही.

आणि हे सगळं वजन जास्त असणाऱ्यांचं बोलणं झालं. वाढत्या वयाच्या काटकुळ्या पोराला, आजारातून उठलेल्याला, दोन घासांत पोट भरणाऱ्या आजीला पाणी वाढवलेली आमटी देणं बरं नव्हे. त्यांच्या वाट्याला थोडक्यात पुष्कळ असलेलंच यायला हवं. दाण्याचा लाडू, भातावर सढळ तूप, पेजेत दूध. डबे रिकामे करायचा अधिकार त्यांचा आहे, आपण मध्ये येऊ नये.

माझी खरी अडचण स्वयंपाकाशी नाहीच, मानपानाशी आहे. तेल, तूप, गूळ, खोबरं या एके काळी जपून वापरायच्या वस्तू होत्या. पाहुण्याच्या भातावर तुपाची धार सुटली की घराची ऐपत दिसे, आणि आमटीत पाणी वाढलं की लाज. आता पंधरा किलोचा तेलाचा डबा घरोघरी येतो, महाग असते ती भाजी. पण मानाचे दर जुनेच राहिले आहेत. आग्रह कशाचा होतो ते बघा. "माझी शपथ आहे, एक जिलबी," म्हणतात. "माझी शपथ आहे, काकडीच्या दोन चकत्या," असं म्हणणारी सासू अजून जन्माला यायची आहे.

मी आत्याला म्हटलं, तू आमटीत पाणी घालायचीस ते फार शास्त्रशुद्ध होतं, अमेरिकेत सिद्ध झालंय. ती नव्वदीला टेकली आहे, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "कोण म्हणतं मी पाणी घालायचे?"

तिला पटवणं सोडून मी पंगतीकडे वळलो. परवा एका लग्नात पानाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर वाढली होती, चिमटीत मावेल एवढी. ती संपवून मी वाढप्याला हाक मारली आणि आणखी मागितली. तो थबकला. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न आला नसावा. शेजारच्या मंडळींनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "आणतो," म्हणून तो गेला आणि बऱ्याच वेळानं परतला. एका हातात मठ्ठ्याचा जग, दुसऱ्या हातात जिलब्यांचं ताट, मागे स्वतः यजमान. "कोशिंबीर एकदाच असते हो काका," तो खाली वाकून समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण साहेब म्हणाले, पाहुणे उपाशी राहिलेत, यांना चार जिलब्या जास्त घाल."